शंभरांतल्या शहाऐंशी

कुष्ठरोगाच्या दवाखान्यात मी तीस वर्षांच्या वर लॅब टेक्निशियन होते, हे लग्नकार्यात कुणाला सांगितलं की समोरच्या बाईचा हात जिलबीवरच थांबतो. मग ती हळूच विचारते, "म्हणजे... त्यांना हात लावावा लागायचा?" मी म्हणते, "सुई लांबून मारता येत नाही हो." बहुतेक जणी हसतात. एखादी जिलबी खाली ठेवते.

दवाखाना नगरच्या बाहेर आहे. पाटीवर आता अहिल्यानगर लिहितात, आमच्या तोंडी अजून नगरच. नेमका कोणत्या रस्त्याला ते सांगत नाही. आजही तिथे लोक तोंडाला रुमाल बांधून येतात, त्यांची वाट मी कशाला दाखवू?

या आजाराबद्दल बाहेरच्यांना दोन गोष्टी माहीत असतात. एक, बोटं झडतात. दोन, आता औषध निघालंय. पहिली चूक आहे. बोटं झडत नाहीत, बधिर होतात आणि मग भाजून-कापून झिजतात. दुसरी खरी आहे, पण तिथे गोष्ट संपत नाही. औषधाने जंतू मरतात, तरी मेलेले जंतू अंगातच पडून राहतात, आणि शरीर कधी कधी त्यांच्यावर असं चवताळून उठतं की माणूस मूळ आजाराने झाला नसेल एवढा बेजार होतो. याला रिअ‍ॅक्शन म्हणतात. अंगभर लाल दुखऱ्या गाठी, ताप, सांधे धरलेले आणि सगळ्यात वाईट म्हणजे नसांना सूज. कोपरामागची नस सुजली आणि सूज वेळेत उतरली नाही, तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळतं. ते पुन्हा सरळ होईलच याची खात्री कुणी देत नाही.

रिअ‍ॅक्शन किती जोराची आहे यावर स्टेरॉइडच्या गोळ्या किती द्यायच्या ते ठरतं. कमी पडल्या तर नस जाते, जास्त झाल्या तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. डॉक्टर गाठी मोजतात, नस चाचपतात, ताप बघतात. पण कुणी काटा टोचला तरी ओरडतं, कुणी मरणाचं दुखत असताना "बरंय की" म्हणतं. म्हणून मग रक्ताला विचारायचं, आणि तिथे माझं काम सुरू व्हायचं.

माझ्याकडे तीन खुणा होत्या. पहिली जुनी ईएसआर. रक्त उभ्या नळीत तासभर ठेवायचं. ताकावर निवळ येते तसं वर पाणी येतं आणि लाल भाग खाली बसतो. अंगात सूज जास्त असेल तर तो भराभर खाली बसतो. दुसरी सीआरपी, म्हणजे सूज आली की यकृत रक्तात सोडतं ते प्रथिन. त्याचं छोटं मशीन अलीकडे आलं. तिसरी खूण मात्र कुठल्या मशीनशिवाय, डोळ्यांनी बघायची. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा, जांभळा रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या. त्यांतल्या न्यूट्रोफिल किती, लिम्फोसाइट किती. न्यूट्रोफिल म्हणजे हाणामारीला सगळ्यांत आधी धावणाऱ्या पेशी. दोन्हींचा भागाकार साधारण दोनाच्या आसपास असतो. रिअ‍ॅक्शन जोराची असेल तर तो चढत जातो. आम्ही त्याला नुसतं 'रेशो' म्हणायचो. या तिघींपैकी एकीवरही डोळे मिटून विश्वास टाकता येत नाही. तिघी एकमेकींशी जुळतात का, ते बघायचं असतं.

गिऱ्हाइकं, म्हणजे पेशंट, नाना तऱ्हांचे. जामखेडचे एक गुरुजी रिपोर्ट हातात पडला की खिशातून छोटी कात्री काढायचे आणि दवाखान्याच्या नावाची पट्टी वरून नीट कापून टाकायचे. ती पट्टी माझ्याच केराच्या टोपलीत टाकायचे, बाहेर न्यायचे नाहीत. गावातल्या डॉक्टरांनी विचारलं तर सांगायचे, पुण्याच्या लॅबचा रिपोर्ट आहे. एकदा मी म्हटलं, "गुरुजी, सही माझीच आहे की खाली." ते शांतपणे म्हणाले, "आपली सही वाचता येत नाही, हे फार उत्तम आहे."

आमचं घर पुणतांब्याचं. वडील गोदावरीच्या घाटावर उपाध्येपण करायचे. मुलीला या दवाखान्यात नोकरी लागली हे त्यांनी वर्षभर कुणाला सांगितलं नाही, मलाही काही बोलले नाहीत. मी सुट्टीला गेले की आंघोळ झाल्याशिवाय देवघराकडे फिरकायचं नाही एवढाच दंडक होता. मग एका दुपारी आपण होऊन विचारलं, "कुंदा, तिथं नेमकं करतेस काय?"

"मोजते. शंभर पेशी."

"प्रत्येकाच्या?"

"हो."

ते जरा हसले. "मी जपाला बसायचो आणि यजमानाला एसटी गाठायची असायची. तेव्हा एकशेआठचे अठ्ठावीस केलेत मी, खोटं कशाला सांगू? पण कमी मोजण्यापेक्षा वाईट एक गोष्ट असते. आकडा आधी मनात ठरवायचा आणि मग मोजायला बसायचं. तेवढं करू नकोस."

मी मान हलवली. मला त्याची गरज आहे असं वाटलं नाही. आमच्या धंद्यात एक बदनाम सवय आहे: पट्टीकडे न बघताच चौसष्ट, बत्तीस, तीन, एक असे आकडे लिहून द्यायचे. बेरीज शंभर, कुणाला शंका येत नाही. तसं करणाऱ्यांना मी तोंडावर बोलायची. मी स्वतः कधी केलं नाही, आणि याचा मला जरा जास्तच अभिमान होता.

निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली असतील तेव्हा मिरजगावहून हमीदाबी आल्या. पन्नाशीच्या, उंच, ताठ. सोबत सून रेश्मा. औषधाचा कोर्स नुकताच पुरा झाला होता आणि आता दंडावर, मांड्यांवर गाठी, अंगात ताप. ईएसआर आणि सीआरपी चढलेलं, रेशो सातावर. तिन्ही खुणा एकमेकींशी जुळत होत्या. आमच्या तरुण डॉक्टरबाईंनी, त्यांना सगळे मॅडम म्हणायचे, रोज आठ गोळ्या सुरू केल्या आणि दर पंधरवड्याला तपासून त्या उतरवत न्यायच्या ठरवलं.

रक्त काढायला हमीदाबींचा दंड बांधला तर त्यांनीच माझा हात धरला. अंगठ्याच्या मुळाशी दाबलं, पंजा गोळा केला, डोळे मिटले. "सव्वादोन," म्हणाल्या.

"काय सव्वादोन?"

"तुमचं माप, बाई. बांगडीचं. आमी मनेर. बाजारात, लग्नघरी, बांगड्या भरतो. म्या माप घिऊन बघत न्हाई, हात धरला की कळतंय." मग त्यांनी बाही खाली ओढली. "ह्या गाठी कवा जातील? लगीनसराई तोंडावर आलीया. नवरीचा चुडा भराया गेले आन तिच्या आईनं माझा हात बघितला, तर पुन्हा त्या घरात कोन हात दील मला?"

मी म्हटलं, गोळ्यांनी जातील, वेळ लागेल. त्यांनी मान डोलावली. वेळच नव्हता त्यांच्याकडे, ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

पुढच्या दोन खेपांना गाठी, ताप, सीआरपी हळूहळू उतरत गेले. गोळ्या आठाच्या सहा, सहाच्या चार झाल्या. तिसऱ्या खेपेला त्या आल्या तेव्हा गाठ औषधाला नव्हती. ताप नाही. ईएसआर खाली, सीआरपी जवळजवळ शून्य. चेहरा गोल झाला होता, पण स्टेरॉइडने आमच्याकडे सगळ्यांचेच चेहरे गोल होतात. हमीदाबी खुशीत होत्या. तीन लग्नं झाली होती, आणखी चार व्हायची होती.

नेहमीसारखी मी पट्टी लावून पेशी मोजल्या. न्यूट्रोफिल शहाऐंशी, लिम्फोसाइट नऊ. रेशो साडेनऊ.

मला ते पटेना. पुन्हा मोजलं. पंचाऐंशी आणि दहा. मी स्वतःशी म्हटलं, पट्टी नीट ओढली गेली नसणार. पातळ पट्टीत न्यूट्रोफिल कडेला गोळा होतात आणि खोटी गर्दी दिसते, हे खरं आहे. तसं वाटलं तर दुसरी पट्टी करायची असते. त्याला वीस मिनिटं लागली असती. बाहेर बारा पेशंट होते, हमीदाबींची मिरजगावची गाडी निघायची होती, आणि त्या बऱ्या झालेल्या मला डोळ्यांनी दिसत होत्या. मी रिपोर्टवर लिहिलं: सत्तर आणि सव्वीस. रेशो पावणेतीन. बाकीच्या दोन खुणांशी छान जुळत होता.

मी आकडा बनवला नव्हता असं मला वाटत होतं. मी तो 'सुधारला' होता. वडिलांनी सांगितलेलं नेमकं हेच होतं, पण घाटावरच्या गोष्टी दवाखान्यात आठवत नाहीत.

मॅडमनी गोळ्या चाराच्या दोन केल्या.

साधारण महिन्याने, मधली एक खेप चुकवून, लग्नाचे मुहूर्त संपल्यावर, एका सकाळी टेम्पोच्या मागच्या हौद्यात गादीवर घालून रेश्माने सासूला आणलं. ताप फणफणलेला, अंगभर गाठी, काही तर फुटलेल्या. उलट्या चालू. ब्लडप्रेशर इतकं खाली की नर्सने दोनदा बघितलं. डाव्या हाताला हात लावू देत नव्हत्या, उजव्या हाताच्या कोपरामागची नस दोरीसारखी सुजलेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागली होती.

मी खाटेपाशीच रक्त काढलं आणि आत येऊन तपासलं. सीआरपी भयंकर वाढलेलं, न्यूट्रोफिल नव्वदीला टेकलेले. रिपोर्ट घेऊन वॉर्डात गेले तर मॅडम कोड्यात पडल्या होत्या.

"एवढं प्रेशर का पडलंय?" त्या जणू स्वतःलाच विचारत होत्या. "रिअ‍ॅक्शन आहेच, पण रक्तात इन्फेक्शन पसरलं असेल तर आत्ता स्टेरॉइड वाढवून ते आणखी भडकेल."

हमीदाबी क्षीण आवाजात काहीतरी म्हणाल्या. मॅडम वाकल्या. "मावशी, काय?"

"गोळ्या... बंद केल्या. पांढऱ्या."

"आमच्या? दोन चालू होत्या ना?"

"तुमच्या न्हाई. दुकानातल्या. त्याच नावाच्या. गाठी उठू ने म्हनून. धा-धा खायची रोज."

"कधीपासून?"

"लगीनसराईभर. मुहूर्त सरले, मंग सोडल्या."

रेश्मा रडायला लागली. "मला न्हाई ठावं वो, मॅडम. मला काईच ठावं न्हाई."

इथे वाचकांना एक सांगायला हवं. स्टेरॉइड आपलं शरीरही थोडंथोडं बनवत असतं. बाहेरून भरपूर मिळायला लागलं की ते बनवणं थांबवतं. आणि मग बाहेरचं एकदम बंद किंवा फार कमी केलं, तर माणसाचं प्रेशर कोसळतं, उलट्या होतात, जीव जाऊ शकतो. त्यावर उपाय म्हणजे ताबडतोब स्टेरॉइडचंच इंजेक्शन. म्हणजे हमीदाबी खरं बोलत असतील तर इंजेक्शन आत्ता द्यायला हवं होतं. ग्लानीत बरळत असतील आणि खरोखर इन्फेक्शन असेल, तर तेच इंजेक्शन अंगाशी आलं असतं.

मॅडमनी फाइल उघडली. "पण गेल्या खेपेचा रेशो पावणेतीन आहे. आमच्या चार आणि वर रोज दहा गोळ्या खाणाऱ्या माणसाचा पावणेतीन येईल कसा? स्टेरॉइडने न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट पडतात. तो आठ-दहाच्या घरात असायला हवा." त्यांनी हमीदाबींकडे बघितलं. "मावशी, नीट आठवा. तापात काहीतरी गोंधळ होतोय तुमचा."

हमीदाबींनी डोळे मिटले. त्यांना वाद घालायचं त्राण नव्हतं.

मॅडमच्या हातातला कागद माझा होता, अक्षर माझं होतं. स्टेरॉइडने न्यूट्रोफिल वाढतात हे मलाही माहीत होतं. परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. त्या दिवशी त्या पट्टीने मला ओरडून सांगितलं होतं की गाठी गेल्यात त्या आमच्या गोळ्यांनी नव्हे. आणि मी ते खोडून रिपोर्ट नीटनेटका केला होता. मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि खरं सांगायचं तर एक क्षण असाही आला की गप्प बसावंसं वाटलं.

"मॅडम," मी म्हटलं, "तो रेशो खोटा आहे."

"म्हणजे?"

"मी बदललाय. दोन मिनिटं द्या."

मोजताना मी पाठकोऱ्या कागदांच्या वहीत पाच-पाचच्या काड्या मारायची. क्लिक करायचं यंत्र होतं, तरी काड्यांची सवय सुटली नव्हती. ती वही खणात होती. धावत जाऊन आणली. तारीख, केस नंबर, खाली काड्या: शहाऐंशी, नऊ. त्याखाली दुसऱ्यांदा: पंचाऐंशी, दहा. मॅडमनी वही बघितली, रिपोर्ट बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"दोनदा मोजून?"

"दोनदा मोजून."

मॅडमनी नर्सला इंजेक्शनचं नाव सांगितलं, सलाइन वाढवायला सांगितलं, इन्फेक्शनसाठीही औषध लावलं. तासा-दीड तासाने प्रेशर वर यायला लागलं. दुपारी हमीदाबींनी पाणी मागितलं आणि ते पोटात राहिलं. मॅडम लॅबच्या दारात येऊन एवढंच म्हणाल्या, "कुंदाताई, मला न जुळणारा आकडाच हवा असतो हो. जुळणारे तर मी अंदाजानंही लिहीन." ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी हमीदाबी उशाला टेकून बसल्या होत्या. काल त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बाई, तुमी आकडा बदालला?"

"हो."

"का वो?"

"तुम्ही बऱ्या झालात असं मला वाटत होतं. त्याच्याशी तो जुळत नव्हता."

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. "मलाबी तसंच वाटाया पायजे हुतं," म्हणाल्या. "म्हनून तर खाल्ल्या गोळ्या."

त्यांनी मला माफ केलं की नाही, ते त्या वाक्यातून मला आजही कळत नाही. मी विचारलंही नाही. गोळ्या त्यांनी लपवून खाल्ल्या हे खरं, पण त्यांचं लपवणं पकडण्यासाठीच मला पगार मिळत होता.

जीव वाचला, नस पुरती वाचली नाही. हाताला बांधायची आधाराची पट्टी, व्यायाम, महिनोन्महिने औषधं यांनी डावा हात पूर्ण बरा झाला, उजव्याचं करंगळीशेजारचं बोट सरळ झालं. करंगळी थोडी वळलेली राहिली आणि तळव्याची ती बाजू बधिर झाली. मी त्यानंतर निवृत्तीपर्यंत दर पट्टी मोजली तशीच लिहिली, जुळो न जुळो. याचं कौतुक करून घेण्यासारखं काही नाही. ते पहिल्या दिवसापासूनचं काम होतं.

निवृत्तीच्या आठवड्यात हमीदाबी तपासणीला आल्या तेव्हा रेश्माच्या हातात बांगड्यांची पेटी होती. "आज बाईंना भरायच्या," हमीदाबी म्हणाल्या. "आता तर काय, नोकरी सरली, हातात बांगडी चालंल." आता धंदा दोघी मिळून करतात. बांगडी सरकवायचं काम रेश्मा करते. माप मात्र अजून सासूच सांगते. त्यावर तिची सगळी ऐट.

लॅबमधल्या स्टुलावर बसून त्यांनी उजव्या हाताने माझा हात धरला. अंगठ्याच्या मुळाशी दाबलं, पंजा गोळा केला, डोळे मिटले. वळलेली करंगळी माझ्या हाताच्या कडेला टेकली होती, पण ती तिथे टेकलीय हे त्यांना कळत नव्हतं.

"अडीच," त्या म्हणाल्या.

रेश्माने माझ्याकडे बघितलं. काही बोलू नका, असं ते बघणं होतं. तिने अडीचच्या हिरव्या बांगड्या काढल्या आणि भरल्या. भरल्या कसल्या, त्या आपोआप गेल्या. हात खाली केला असता तर निघून पडल्या असत्या.

"बरुबर बसल्या?" हमीदाबींनी विचारलं. त्यांचा चेहरा उजळला होता. गिऱ्हाइकं काय सांगत असतील ते मला लगेच कळलं. बसल्या म्हणत असतील, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या मणेरणीकडे जात असतील.

बसल्या, हा एवढासा शब्द. कुणाचंही काही बिघडलं नसतं. निदान मला तसं वाटलं असतं.

"नाही हो, हमीदाबी," मी म्हटलं. "सैल होताहेत. फार सैल."

रेश्माने मान खाली घातली. हमीदाबींनी बांगडी माझ्या हातावर वर-खाली करून पाहिली, एकदा, दोनदा. त्यांचे ओठ आवळले गेले. मला वाटलं, त्या उठून जातील.

त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने माझा हात धरला. उलटा हात, सवयीचा नाही; दोनदा पकड चुकली. तिसऱ्यांदा पंजा नीट गोळा झाला. त्यांनी डोळे मिटले, आणि या वेळी बराच वेळ लावला.

"सव्वादोन," त्या म्हणाल्या. मग डोळे न उघडताच सुनेला म्हणाल्या, "काड त्या. आन आजपासनं म्या उजव्या हातानं माप सांगितलं, तर माज्या तोंडावर सांगायचं, चुकलंय म्हनून."